नळाचं पहिलं पाणी

माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. दुधाची पिशवी आली की मी आधी तिच्या कडा दाबून बघते. कलिंगड फारच लाल निघालं तर फोड पांढऱ्या रुमालावर घासते. बटाट्याला माती लागलेली असेल तर ती शेतातली की दुकानदाराने वरून फासलेली, असा प्रश्न मला पडतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात माझा हातखंडा होता. एखादं मूल पेपर सोडून पंख्याकडे बघायला लागलं की मी त्याच्या बाकाशी जाऊन उभी राहायची. मी निवृत्त झाले तेव्हा मुलं सुटली आणि भाजीवाले सापडले, असं आमचे हे म्हणतात.

हे म्हणजे माझे यजमान. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले, अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांचा सगळ्यांवर विश्वास. कारखान्यांच्या बाजूने वारा सुटला की आमच्या बैठ्या टेनामेंटमध्ये कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मी धावत जाऊन खिडक्या लावते. हे दारासमोरच्या ओटल्यावर हिंचक्यावर झोके घेत म्हणतात, "मला नाही बुवा येत वास." वास येत नाही की वास आहे हे कबूल करायचं नाही, याबद्दलही मला शंका आहे.

बडोद्यात राहायचं तर नाक जरा बंदच ठेवावं लागतं, अशी इथल्या माणसांनी स्वतःची समजूत घातलेली आहे. कुणी गटारीच्या शेजारी उसाचा रस काढतो, कुणी पेटवलेल्या कचऱ्याच्या धुरात उभं राहून भजी तळतो, आणि आपण काही बोलायला गेलं की एकच उत्तर: "चालशे." म्हणजे चालेल. आमच्या शेजारच्या बेनचा तर तो तकियाकलामच आहे. बाई मनाने सोन्यासारखी, पण 'चालशे' म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर नाशिकचं. तिला सातवा लागला होता. पाय सुजलेले, चेहरा मात्र उजळलेला. ती आली त्याच आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदून ठेवला. खड्ड्यातून एका बाजूला पिण्याच्या पाण्याची जुनी लोखंडी लाइन दिसत होती आणि हाताच्या अंतरावर गटारीची. त्या दोघी अशा शेजारीशेजारी पडलेल्या बघून मी थांबलेच. या दोन लाइनी इतक्या जवळ का, असं मी काठावर उभी राहून काम करणाऱ्यांना विचारलं, "आ बे लाइन आटली पासे केम छे?" त्यातला एक म्हणाला, "माजी, पेलेथी एवीज छे." पहिल्यापासून तशीच आहे म्हणे. हे ऐकून मला धीर यायला हवा होता, असं त्याला वाटलं असावं.

थोड्याच दिवसांत गल्लीच्या त्या टोकाला एका घरात कावीळ निघाली. मग त्याच्या समोरच्या घरात. मुलीला तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या. पाण्यातून येणारी काविळीची एक जात आहे, ती इतरांना जेमतेम आडवं पाडते, पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला फार जड जाते, असं त्या म्हणाल्या. किती जड, ते मी विचारलं. त्यांनी मुलीकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "पाणी उकळूनच द्या. एक घोटसुद्धा कच्चा नको."

एक घोटसुद्धा नको. घरी येताना रिक्षात मी ते स्वतःशी घोकत होते.

त्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर म्हणजे दवाखान्याची खोली झाली. पाणी फिल्टरमधून काढायचं, मग खळखळ उकळायचं, झाकून गार करायचं. भाज्या उकळलेल्या पाण्यात धुवायच्या. दात घासायला तेच पाणी. कोथिंबीर बंद, कच्चा कांदा बंद, बाहेरचा बर्फ तर नावालासुद्धा नाही. ताटं धुऊन झाली की कोरड्या फडक्याने पुसायची, कारण त्यांच्यावर कच्च्या पाण्याचे थेंब राहतात. मुलगी हसायची. "आई, बस कर ने आता. मी बाळंतीण होणार आहे, ऑपरेशन थिएटर नाही."

तिला डोहाळे लागले होते सेव-उसळीचे. सबंध बडोद्यात दुसरं काही मिळत नाही अशा थाटात ती रोज सेव-उसळीची आठवण काढायची. मी घरी केली. मटार, तर्री, वर शेव, सगळं साग्रसंगीत. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "छान आहे, पण गाडीवरची नाही." मला लगेच संशय आला की ही मला चुकवून खाऊन येणार. तिची पर्स मी दोनदा हुंगली. हो, हुंगली. मसाल्याचा वास काही लपत नाही.

शेजारच्या बेन ताकाचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा मी तो घेतला, हसले, आणि त्या गेल्यावर मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "छाश केवी लागी?" मी म्हटलं, फार छान. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा मात्र राहवलं नाही. "बेन, पाणी उकाळीने नाख्युं हतुं?" पाणी उकळून घातलं होतं का, एवढंच विचारलं. त्यांचा चेहरा पडला. "आटली बधी चिंता ना कराय, बेन. चालशे."

"ना चाले," मी म्हणाले. "मारी दीकरीने सातमो महिनो चाले छे."

त्यानंतर ताक यायचं थांबलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते आणि पहारेकऱ्याला शेजारधर्म परवडत नाही.

घरात एक देवघर तेवढं यांच्या ताब्यात होतं. बाकी सगळ्यावर माझी नजर, माझे नियम. हे त्या नियमांना कधी विरोध करत नसत. उकळलेलं पाणी बेचव लागतं म्हणून एकदा कुरकुरले, तेवढंच. सकाळी मी उठायच्या आधी यांची अंघोळ होऊन पूजा सुरू झालेली असे. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. चंदन, तुळस, दारातल्या जास्वंदीचं फूल. सगळं संपलं की हे पंचपात्र आणि पळी घेऊन मुलीच्या खोलीपाशी येत. अकाली मरण टळो, सगळ्या व्याधी जावोत, अशा अर्थाचं काहीतरी संस्कृतात पुटपुटत तिच्या उजव्या तळहातावर तीर्थ घालत. ती डोळे मिटून हात ओठांशी नेई आणि मग डोक्यावरून फिरवी. हे तोवर पुन्हा देवघराकडे वळलेले असत. लहानपणापासून ते तिला असंच तीर्थ देत आले होते. पोटुशी लेक आणि म्हातारा बाप, बघून मला भरून यायचं. मी स्वतः सकाळी पाणी भरायच्या गडबडीत असे, म्हणून माझं तीर्थ बहुतेक वेळा राहूनच जाई.

मग एके दिवशी यांनी जेवण टाकलं. आमरसाची वाटी तशीच ठेवून उठले. मी म्हटलं, उन्हाने झालं असेल. दुसऱ्या दिवशी मळमळ. तिसऱ्या दिवशी हे ओटल्यावर बसून दाढी करत होते, उजेड थेट तोंडावर, आणि आरशात मला यांचे डोळे दिसले. पिवळे.

माझी पाचावर धारण बसली. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार यांचा नाही आला. पहिला विचार आला तो आतल्या खोलीत झोपलेल्या मुलीचा.

रक्त तपासलं. तीच कावीळ, पाण्यातली. यांना झेपेल असं डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, पथ्य पाळा. मुलीचंही रक्त घेतलं. ते चांगलं निघालं. पण डॉक्टरीण बाईंनी बजावलं की पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत काही आठवडे जातात, तेव्हा आजचा रिपोर्ट म्हणजे आजचाच रिपोर्ट. लक्ष ठेवा.

मी यांची उलटतपासणी सुरू केली. कुठे काय खाल्लंत? मांडवीत फुलवातींचा कापूस आणायला गेला होता तेव्हा काय प्यायलात? लहरीपुऱ्यात मुलीसाठी सुती कापड घ्यायला गेलो तेव्हा मी दुकानात होते आणि तुम्ही बाहेर. बर्फाचा गोळा खाल्लात ना? खरं सांगा.

हे अंथरुणात पडून छताकडे बघत म्हणाले, "अगं, काही नाही खाल्लं."

माझा विश्वास बसला नाही. वर्गात पंख्याकडे बघणारी मुलंही असंच म्हणायची.

हे आजारी पडले तेव्हा पूजा माझ्याकडे आली. पहिल्याच सकाळी, नळ यायच्या आधी, यांनी अंथरुणातून हाक मारली. "देवाचा तांब्या घेऊन ओटल्याखालच्या नळाशी थांब. पाणी आलं की पहिलं देवासाठी घे. मग तुझं भर."

"पहिलं म्हणजे?"

"पहिलं म्हणजे पहिलं. कुणी हात लावायच्या आधीचं. आई तसंच घ्यायची."

मी तांब्या घेऊन उभी राहिले. आमच्याकडे पाणी दिवसातून एकदा, सकाळीच येतं. रात्रभर लाइन रिकामी असते. आधी नळ घुर्र करतो, खोकतो, हवा टाकतो, आणि मग एकदम पाणी येतं. ते पहिलं पाणी मी आयुष्यात कधी घरात घेतलेलं नाही. मी दोन बादल्या जाऊ देते, झाडांना घालते, आणि मगच हंडा लावते. रिकाम्या लाइनीत बाहेरची घाण ओढली जाते हे मला ठाऊक आहे, मी मुलांना शिकवलेलं आहे.

नळ खोकला. तांब्यात धार पडली. तांब्याच्या तांब्यात बघितलं तर पाणी स्वच्छ, लालसर, सुंदर. तांब्यात कुठलंही पाणी सुंदरच दिसतं. सवयीने मी ते काचेच्या पेल्यात ओतून उजेडाला धरलं.

गढूळ होतं. तळाशी काळसर कण फिरत होते. नाकाशी नेलं. त्या खड्ड्याचा वास होता.

मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे इतके दिवस मी आत फिल्टर, उकळणं, फडकी, पथ्यं करत होते, आणि रोज सकाळी हे अंघोळ करून, मुकटा नेसून, जे पाणी मी झाडांना घालते त्याच्याही आधीचं पाणी भक्तिभावाने देवाला घालत होते. देवाचं पाणी म्हणून फिल्टरचं नको, कारण तो प्लास्टिकचा. उकळलेलं नको, कारण ते शिजवलेलं. आणि पूजा झाल्यावर उरलेलं तीर्थ मोरीत ओतायचं नाही, म्हणून पंचपात्र स्वतः पिऊन रिकामं करायचं. यांना कावीळ झाली यात नवल काहीच नव्हतं.

आणि मुलीला रोज एक पळी. एक घोटसुद्धा नको म्हटलं होतं. रोज एक घोट माझ्या नाकावर टिच्चून, माझ्याच घरात, माझं मन भरून येत असताना.

पेला हातात घेऊन मी यांच्या खोलीत गेले. भांडायलाच गेले होते. यांनी मान वळवून विचारलं, "पहिलं घेतलंस ना?" गाल बसलेले, डोळे हळदीसारखे. मी पेला पदराआड धरला आणि म्हणाले, "घेतलं." पाणी झाडांना घालून आले आणि देवांना उकळलेल्या पाण्याने आंघोळ घातली. देवांची काही तक्रार आली नाही.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुलीला सांगायचं धाडस होईना. भीतीनेच हिला काहीतरी व्हायचं, असं वाटायचं. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून तिला उजेडात बोलवायची. "जरा बघू, डोळ्यात काय गेलंय?" पापणी खाली ओढून बघायची. नखं बघायची. तिने भात टाकला की माझंही जेवण तिथेच संपायचं. ती म्हणाली, कंटाळा आलाय, तर हा कंटाळा की अशक्तपणा, हेच माझ्या डोक्यात. घरात कच्चं पाणी शोधत फिरणारी मी आता माझ्या लेकीच्या डोळ्यांत कावीळ शोधत होते. शंका घेण्यात मला एरवी थोडी मजाही यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्या दिवसांत ती मजा संपली.

शेवटी तीच एकदा वैतागली. मी पापणीला हात लावला तर तिने माझं मनगट धरलं. "आई, रोज काय बघतेस? खरं सांग."

मग मी सांगितलं. तांब्या, पहिलं पाणी, काचेचा पेला, सगळं. सांगता सांगता रडू कोसळलं. ती ऐकून घेत राहिली. घाबरली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"मी नाही प्यायले," ती म्हणाली.

"काय नाही प्यायलीस?"

"तीर्थ. आल्या दिवसापासून नाही. ओठांना लावल्यासारखं करायची आणि केसांवर फिरवायची. बाबा कुठून पाणी घेतात ते मला खिडकीतून दिसायचं." मग जरा हसून म्हणाली, "तुझीच मुलगी ने मी."

जीवात जीव आला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी पलंगावर बसले. आणि पाठोपाठ असा राग आला की हात उचलला गेला असता.

"तुला शंका होती? आणि मूग गिळून बसलीस? मला सांगायचं नाही? ते रोज पंचपात्रभर पीत होते!"

"मला वाटलं, त्यांचं रोजचंच आहे. त्यांना काय होणार," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? त्यांना त्या पाण्यावरून फाडून खाल्लं असतंस. या घरात सगळं तुझ्या शंकेखाली आहे, आई. दूध, भाजी, शेजारी, माझी पर्ससुद्धा. त्यांच्याकडे तेवढा एक तांब्याच राहिला होता."

पर्सचं तिला माहीत होतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. ती रडायला लागली तेव्हा मी तिला जवळ घेतलं, पोट मध्ये येत होतं तरी. तिचा राग येत होता, यांच्यासाठी जीव तुटत होता, आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी निर्लज्जपणे, मला आनंद झाला होता की ती प्यायली नव्हती. आई आहे मी. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

यांना हे सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. लेकीने आपलं तीर्थ तोंडात घेतलं नाही, हे त्यांच्या कानावर जायला नको होतं.

हळूहळू यांचे डोळे निवळले. गल्लीतला खड्डा बुजवला गेला, लाइन दुरुस्त केली असं सांगितलं गेलं. मी अर्थातच मानलं नाही. एका सकाळी मला स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला. उठून बघते तर हे अंघोळ करून, मुकटा नेसून, गॅससमोर उभे. देवाचं म्हणून वेगळं ठेवलेलं छोटं पातेलं शेगडीवर, आणि पाणी खळखळ उकळत होतं. मी दारातच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाणी झाकलं, गार होऊ दिलं, तांब्यात भरलं आणि देवघराकडे गेले.

पूजा झाली. नेहमीसारखे पंचपात्र आणि पळी घेऊन मुलीच्या खोलीपाशी आले. तिने तळहात पुढे केला. त्यांनी पळी भरली, पुटपुटले, तीर्थ घातलं. ती सवयीने हात ओठांशी नेणार, तेवढ्यात ते म्हणाले,

"उकळलंय गं. आता पी."

तिचा हात तिथल्या तिथे थांबला. म्हणजे यांना दिसत होतं. दर सकाळी पाठ फिरवून देवघराकडे वळत होते ते तिला हात डोक्यावर नेता यावा म्हणून. लेक आपलं तीर्थ पीत नाही हे बघून गप्प राहिले आणि स्वतःचं पंचपात्र मात्र रिकामं करत गेले.

मुलीने मान खाली घालून तळहात तोंडाला लावला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली उतरला.

मग हे माझ्याकडे वळले आणि पळी पुढे केली. मी तळहात पुढे केला. आधी वास घेतला, मग प्यायले.